कॅनडात सगळे ओटावावर का रुसलेले असतात?

माझा मेव्हणा कॅल्गरीला, म्हणजे पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात, जाऊन तीन वर्षं झाली. त्याआधी दोन वर्षं तो आमच्याकडेच टोरांटोशेजारी मिसिसागाला बेसमेंटमध्ये राहायचा, तेव्हा क्युबेक म्हणजे फ्रेंच बोलतात तिथे, यापलीकडे त्याला काही घेणंदेणं नव्हतं. आता फोन केला की सुरू, "दाजी, आमचा पैसा उचलून क्युबेकला देतायत, तुम्हा टोरांटोवाल्यांना काय फरक पडतो म्हणा." आमचा पैसा! तीन वर्षांत पैसा 'आमचा' झाला आणि मी 'तुम्ही टोरांटोवाले' झालो. मिसिसागा म्हणजे टोरांटो नाही हे त्याला चांगलं माहितीये, पण कॅल्गरीतून बघितलं की इकडचं सगळं टोरांटोच दिसतं बहुतेक.

त्याला बायको हसते, पण मला यात गंमत वाटली की इथे आलेला आपला माणूस थंडीचं जॅकेट घ्यायच्या आधी त्या प्रांताचा राग अंगावर घेतो. मग मी जरा वाचायला लागलो की प्रत्येक प्रांताचा ओटावावरचा, म्हणजे राजधानीत बसलेल्या केंद्र सरकारवरचा, हा राग नक्की कसला आहे. भारतातून फोन येतात की "कॅनडा फुटणार का रे? बातमी आली होती", त्यांच्यासाठीही एकदाच लिहून टाकतो.

आधी आकार समजून घ्या. दहा प्रांत, तीन टेरिटरी, माणसं साधारण चार कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाहीत, आणि ती पण बहुतेक सगळी अमेरिकेच्या सीमेला चिकटून एका लांबलचक पट्टीत. पूर्वेच्या टोकाला न्यूफाउंडलंडमध्ये सेंट जॉन्स आहे, तिथून व्हँकुव्हरपेक्षा लंडन जवळ पडतं. (न्यूफाउंडलंडचं घड्याळ बाकीच्यांपेक्षा अर्ध्या तासाने वेगळं चालतं, आपल्या भारतासारखंच, त्यामुळे मला उगाचच तो प्रांत जवळचा वाटतो.) आता या पट्टीत माणसं सारखी पसरलेली नाहीत. संसदेच्या ३४३ जागांपैकी आमच्या ओंटारिओच्या १२२ आणि क्युबेकच्या ७८, म्हणजे दोघांच्या मिळून २००, आणि बहुमताला लागतात १७२. अल्बर्टाच्या ३७. तेव्हा पश्चिमेकडचा माणूस संध्याकाळी टीव्ही लावून निकाल बघायला बसतो तोवर पूर्वेकडच्या मोजणीतूनच चित्र बऱ्यापैकी दिसायला लागलेलं असतं, आणि हे वर्षानुवर्षं झालं की माणसाला वाटायला लागतं आपण मत दिलं काय नि नाही काय.

वरच्या सभागृहात तरी बरोबरी असेल म्हणावं तर तिथे अजून मजा. सेनेटमध्ये ब्रिटिश कोलंबियाला ६ जागा आणि त्याच्या पाव लोकसंख्याही नसलेल्या न्यू ब्रन्सविकला १०, कारण वाटप झालं तेव्हा पश्चिमेला कोण होतं? जे आधी पंगतीला बसले त्यांच्या पानात जास्त वाढलं गेलं, आणि ते पान आता कोणी बदलायला तयार नाही.

देश झाला १८६७ला, चार प्रांत मिळून: ओंटारिओ, क्युबेक, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक. बाकीचे एकेक करून आले आणि प्रत्येकजण काहीतरी अट घालून किंवा नड होती म्हणून आला. ब्रिटिश कोलंबिया १८७१ला आला ते रेल्वे बांधून देतो या शब्दावर. ती रेल्वे पूर्ण व्हायला १८८५ उजाडलं, ७ नोव्हेंबरला डोंगरात शेवटचा खिळा ठोकला, तो फोटो इथे सगळीकडे दिसतो, देश जोडला गेला वगैरे. पण त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, रेजायनामध्ये लुई रिएलला फाशी दिलं. रिएल हा मेटीस लोकांचा पुढारी, मेटीस म्हणजे आदिवासी आणि फ्रेंच अशा मिश्र घराण्यांमधून तयार झालेला समाज, त्यांच्या जमिनी जात होत्या म्हणून तो सरकारविरुद्ध उभा राहिला. ओंटारिओत लोक म्हणाले देशद्रोही गेला, क्युबेकमध्ये म्हणाले आमचा फ्रेंच बोलणारा, कॅथलिक माणूस मारला. आज मॅनिटोबात त्याच्या नावाने सुट्टी असते. एकाच महिन्यात देश रुळांनी जोडला आणि मनातून चिरला, एवढं हे जुनं आहे.

क्युबेकचं दुखणं थोडं सविस्तर सांगतो कारण त्याशिवाय बाकीच्यांचं कळत नाही. १७५९ला ब्रिटिशांनी क्युबेक शहर जिंकलं, फ्रेंच राजा गेला, फ्रेंच लोक राहिले. पुढची दोनशे वर्षं बहुसंख्य फ्रेंच असलेल्या मॉन्ट्रिअलमध्ये मोठ्या कंपन्या, बँका, साहेबाची खुर्ची हे सगळं इंग्रजीत आणि खालचं काम फ्रेंचमध्ये. १९६०च्या दशकात हे एकदम उलटायला लागलं, चर्चची पकड सुटली, प्रांत सरकारने वीज कंपन्या ताब्यात घेतल्या आणि घोषणा झाली की आपल्या घरात आपणच मालक. १९७६ला रेने लेवेक यांचा वेगळं व्हायचं म्हणणारा पक्ष थेट निवडूनच आला, पुढच्या वर्षी त्यांनी १०१ नंबरचा भाषा कायदा केला, दुकानाच्या पाटीपासून बाहेरून आलेल्यांच्या पोरांच्या शाळेपर्यंत फ्रेंच. आपल्याकडे मराठी पाट्यांवरून जे वाद होतात ते ज्यांनी बघितलेत त्यांना हे लगेच कळेल. बऱ्याच इंग्रजी कंपन्यांनी गाशा गुंडाळून टोरांटो गाठलं, आणि आज टोरांटो जे एवढं मोठं आहे त्यात या पळापळीचा थोडाफार हात आहे.

१९८०च्या मे महिन्यात क्युबेकमध्ये पहिलं सार्वमत झालं, साधारण ६० टक्के लोक नको म्हणाले. पंतप्रधान पिएर ट्रुडो (जस्टिन यांचे वडील) यांनी शब्द दिला होता की राज्यघटना बदलू. बदलली, पण कशी ते ऐका. नोव्हेंबर १९८१, ओटावात सगळ्या प्रांतांचे मुख्यमंत्री जमलेले, बोलणी अडलेली. लेवेक रात्री नदी ओलांडून पलीकडे हल नावाच्या गावात हॉटेलवर झोपायला गेले, हल क्युबेकच्या हद्दीत आहे. इकडे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तीन मंत्र्यांनी एक तोडगा काढला, त्यावर रातोरात बाकीच्या प्रांतांची संमती घेतली, आणि सकाळी लेवेक नाश्त्याला आले तेव्हा त्यांच्या हातात तयार कागद. त्यांना रात्री फोन कोणी केला नाही. १९८२ला राणीने सही केली, घटना लागू झाली, आणि क्युबेक सरकारने आजपर्यंत तिला औपचारिक मान्यता दिलेली नाही. घटना त्यांना लागू आहेच, कोर्टात चालते, सगळं चालतं, पण सही नाही ती नाही.

मला विचाराल तर कॅनडाचं अर्धं राजकारण या एका न केलेल्या फोनमध्ये आहे. आपल्याकडे लग्नात आहेर किती आला यावरून जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी 'आम्हाला विचारलंच नाही' यावरून होतात, तसंच इथे पण, हे मानपानाचं भांडण आहे आणि पैसा त्यात नंतर येतो.

नंतर क्युबेकची समजूत काढायला दोन प्रयत्न झाले, 'मीच लेक' नावाचा करार १९९०ला बारगळला आणि शार्लटटाउन करार १९९२ला देशभरच्या मतदानात पडला. पहिल्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, मॅनिटोबाच्या विधानसभेत एलायजा हार्पर नावाचे आदिवासी आमदार हातात गरुडाचं पीस धरून प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत राहिले, कारण यात क्युबेकचा मान आहे पण जे इथे सगळ्यांच्या आधीपासून होते त्यांचा उल्लेख कुठे आहे. मुदत संपली, करार गेला. मग क्युबेक चिडलं आणि ३० ऑक्टोबर १९९५ला दुसरं सार्वमत आलं. शेवटच्या आठवड्यात बाकीच्या प्रांतांतून हजारो लोक मॉन्ट्रिअलला गेले, 'जाऊ नका' सांगायला. मतदान ९३ टक्क्यांच्या वर. निकाल: नको ५०.५८, हवं ४९.४२. फरक ५४,२८८ मतांचा. एका मोठ्या स्टेडियममध्ये बसतील एवढ्या माणसांनी देश राहिला. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने १९९८ला सांगितलं की एकतर्फी निघून जाता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर बाकीच्यांना वाटाघाटीला बसावं लागेल, आणि २०००ला तसा कायदाही झाला. म्हणजे दार बंद नाही, पण लॅच लावलंय.

(मॉन्ट्रिअलबद्दल एक आवडती गोष्ट. १ जुलै हा कॅनडाचा वाढदिवस, देशभर फटाके आणि झेंडे, आणि क्युबेकमध्ये नेमके त्याच दिवशी भाड्याचे करार बदलतात, त्यामुळे अर्धं शहर जिन्यावरून फ्रिज उतरवत असतं. त्यांचा खरा सण २४ जूनला. आणि कॅनडाचं जे राष्ट्रगीत आहे ते मुळात फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं, १८८०मध्ये, याच २४ जूनच्या सणासाठी! म्हणजे गाणं यांचंच.)

आता मेव्हण्याकडे येऊ. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान प्रांत झाले १९०५ला, पण जमिनीखाली जे काही आहे त्याची मालकी ओटावाने स्वतःकडे ठेवली, जुन्या प्रांतांकडे ती पहिल्यापासून होती. ती मिळायला १९३० उजाडलं. १९४७ला एडमंटनजवळ लेडूकला मोठं तेल लागलं आणि चित्रच बदललं. मग १९७०च्या दशकात जगात तेल महागलं, आणि ऑक्टोबर १९८०मध्ये ट्रुडो सरकारने राष्ट्रीय ऊर्जा धोरण आणलं: देशातल्या तेलाचा भाव जगापेक्षा कमी ठेवायचा म्हणजे पूर्वेकडच्या कारखान्यांना परवडेल, आणि तेलाच्या कमाईतला जास्त वाटा ओटावाला. गंमत बघा, त्याच वर्षी निवडणूक झालेली आणि मॅनिटोबाच्या पश्चिमेला ट्रुडोंच्या पक्षाची एकही जागा नव्हती, एक पण नाही. म्हणजे ज्यांच्या तेलाचा भाव ठरत होता त्यांचा निवडून आलेला माणूसच सरकारात नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. तिकडे गाड्यांवर स्टिकर लागले की पूर्वेकडचे हरामखोर अंधारात गारठून मरू देत (मूळ शब्द यापेक्षा सौम्य नव्हते), मुख्यमंत्री पीटर लॉहीड यांनी तेलाचं उत्पादनच कमी करायचं ठरवलं. पुढे तेलाचे भाव पडले, नोकऱ्या गेल्या, घरं गेली. त्यात जागतिक मंदीचा वाटा केवढा आणि धोरणाचा केवढा यावर अजून वाद आहे, पण अल्बर्टात तो वाद करून बघा! मेव्हणा तेव्हा सातारा जिल्ह्यात जन्मलासुद्धा नव्हता, पण त्याला १९८० पाठ आहे.

सहा वर्षांनी अजून एक. लढाऊ विमानांच्या देखभालीचं कंत्राट होतं, विनिपेगच्या कंपनीची बोली स्वस्त आणि तांत्रिकदृष्ट्या सरस होती, आणि १९८६ला ते कंत्राट मॉन्ट्रिअलला दिलं, ते पण दुसऱ्या पक्षाच्या सरकारने, ज्याला पश्चिमेने भरभरून मतं दिली होती. पुढच्याच वर्षी तिकडे रिफॉर्म नावाचा नवा पक्ष उभा राहिला, घोषणा काय, तर पश्चिमेला आत यायचंय. बाहेर जायचंय नाही, आत यायचंय. हे मला फार बोलकं वाटतं.

आता ते 'आमचा पैसा क्युबेकला' प्रकरण. याला इक्वलायझेशन म्हणतात, १९५७ला सुरू झालं, १९८२च्या घटनेतही त्याचं तत्त्व आहे. लोकांची समजूत अशी की अल्बर्टा सरकार दरवर्षी चेक लिहून क्युबेकला पाठवतं. तसं नाहीये. कॅल्गरीची नर्स आणि हॅलिफॅक्सची नर्स, पगार सारखा असेल तर दोघी ओटावाला इन्कम टॅक्स सारखाच भरतात. त्या सगळ्या जमलेल्या पैशातून ओटावा ज्या प्रांतांची माणशी कर गोळा करायची ताकद दहा प्रांतांच्या सरासरीपेक्षा कमी आहे त्यांना भर घालतं, म्हणजे शाळा नि दवाखाने सगळीकडे साधारण सारख्या दर्जाचे राहतील. अल्बर्टात तेलामुळे पगार जास्त, तरुण माणसं जास्त, म्हणून तिथून टॅक्स जास्त जातो, आणि ही ताकदही जास्त म्हणून परत काही येत नाही, १९६०च्या दशकापासून आलेलं नाही. २०२४-२५ला एकूण साधारण २५ अब्ज डॉलर वाटले, त्यातले १३ अब्जांच्या वर क्युबेकला. हे ऐकलं की कोणाचंही डोकं फिरेल. पण क्युबेकची माणसं नव्वद लाख, डोक्यामागे हिशोब केला तर सगळ्यात जास्त मिळतं इवल्याशा प्रिन्स एडवर्ड आयलंडला, आणि त्यांच्यावर कोणी चिडत नाही, बटाटे पिकवणाऱ्या बेटावर काय चिडायचं. आमच्या ओंटारिओलाही मिळालेत बरं का पैसे, २००९-१०ला पहिल्यांदा, तेव्हा इकडे सगळे खाली मान घालून बसले होते.

मेव्हण्याचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. क्युबेक सरकार स्वतःची वीज लोकांना स्वस्तात देतं, त्यामुळे त्याची ताकद हिशोबात कमी दिसते, ही टीका अभ्यासू लोकही करतात. आणि जे तेलाच्या टॅक्समधून आलेले पैसे घेतात तेच तेलाची पाइपलाइन आमच्या दारातून नको म्हणतात, हे तिकडे फार झोंबतं. पूर्वेला जाणारी पाइपलाइन २०१७ला बारगळली, क्युबेकमध्ये तिला मोठा विरोध होता. पण अल्बर्टात प्रांताचा सेल्स टॅक्सच नाही, हे मी त्याला सांगितलं की तो विषय बदलतो.

पश्चिम म्हणजे तरी एक आहे का? २०१८ला अल्बर्टाचं तेल आपल्या किनाऱ्यावर आणणारी पाइपलाइन वाढवायला ब्रिटिश कोलंबिया आडवं आलं तर अल्बर्टाने त्यांची वाइन बंद केली! दोन आठवडे. शेवटी ओटावाने ती पाइपलाइन साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली, खर्च कैक पटींनी वाढला, आणि वाढीव लाइन मे २०२४ला सुरू झाली.

न्यूफाउंडलंडचं थोडक्यात. १९४९ला, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यानंतर, तो कॅनडात आला, सार्वमतात जेमतेम ५२ टक्के हो म्हणाले. १९६९ला त्यांनी चर्चिल फॉल्सची वीज क्युबेकला २०४१पर्यंत विकायचा करार केला, भाव एका युनिटला पाव सेंटच्या आसपास, आणि वाढायच्या ऐवजी कमी होत जाणारा. क्युबेकने ती वापरली, पुढे अमेरिकेला कितीतरी चढ्या भावाने विकली. डिसेंबर २०२४ला नव्या कराराचा मसुदा झाला तेव्हा कुठे. २००४ला तेलाच्या रॉयल्टीवरून त्यांच्या मुख्यमंत्र्यांनी सरकारी इमारतींवरचे कॅनडाचे झेंडेच उतरवले होते.

आणि या सगळ्यात खुळचट भांडणंही आहेत. क्युबेकच्या दूधवाल्यांना मार्गारिन लोण्यासारखं दिसायला नको होतं म्हणून २००८पर्यंत तिथे पिवळं मार्गारिन विकायला बंदी होती. एका निवृत्त गृहस्थांनी क्युबेकमधून स्वस्त बिअर न्यू ब्रन्सविकला आपल्या घरी आणली तर २९२ डॉलर ५० सेंट दंड, आणि केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०१८ला ते हरले. एकाच देशात बरं का. टोरांटोचा राग तर सगळ्यांना जोडणारा एकमेव धागा असेल, टोरांटोची हॉकी टीम १९६७नंतर स्टॅन्ली कप जिंकलेली नाही याचा आनंद व्हँकुव्हरपासून हॅलिफॅक्सपर्यंत सारखाच साजरा होतो.

मग २०२५ उजाडलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तसं ट्रम्प आयात शुल्क लावणार म्हणाले आणि वर कॅनडाला ५१वं राज्य करून टाकतो म्हणाले. एरवी ज्यांचं पटत नाही ते सगळे एकदम एका बाजूला. दारूची दुकानं इथे बऱ्याच ठिकाणी प्रांत सरकार चालवतं, त्यांनी अमेरिकन व्हिस्की फळीवरून काढून टाकली, दुकानात लोक डबा उलटा करून कुठे बनलाय ते वाचायला लागले. २० फेब्रुवारीला बॉस्टनमध्ये अमेरिकेशी हॉकीची फायनल झाली, जादा वेळेत कॅनडा ३-२ने जिंकला. गोल मारला एडमंटनच्या कॅप्टनने, पास दिला टोरांटोच्या खेळाडूने, संघाचा कॅप्टन नोव्हा स्कोशियाचा. त्या रात्री मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल, लाल जर्सी घालून, "दाजी, आपण जिंकलो". आपण!

पण त्याच काळातलं हेही बघा. जानेवारीत सगळे मुख्यमंत्री आणि पंतप्रधान एकत्र निवेदन काढत होते तेव्हा अल्बर्टाच्या डॅनिएल स्मिथ यांनी सही केली नाही, कारण तेलाची निर्यात थांबवायचा किंवा त्यावर कर लावायचा पर्याय त्यांना नको होता, म्हणजे परत तेच, हत्यार देशाचं पण वापरायचं आमचं. एप्रिलमधली निवडणूक पंतप्रधान मार्क कार्नी जिंकले, ते स्वतः एडमंटनमध्ये वाढलेले, पण अल्बर्टाच्या ३७पैकी ३४ जागा विरोधी पक्षाच्याच. लगेच तिकडे वेगळं होण्याच्या सार्वमताची चर्चा, सरकारने त्यासाठी लागणाऱ्या सह्यांची अट सोपी केली, तर उलट बाजूने 'आम्ही कॅनडातच राहणार' म्हणणाऱ्या अर्जावर चार लाखांहून जास्त सह्या जमल्या. अल्बर्टातले आदिवासी म्हणतात आमचे करार ब्रिटिश राजसत्तेशी झालेत, अल्बर्टा प्रांत व्हायच्या आधी, तुम्ही आमची जमीन घेऊन निघणार कुठे? १९९५लाही क्युबेकच्या उत्तरेत क्री लोकांनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं होतं, ९६ टक्के म्हणाले क्युबेक गेलं तरी आम्ही जाणार नाही.

नोव्हेंबर २०२५ला कार्नी आणि स्मिथ यांनी पॅसिफिककडे जाणाऱ्या नव्या पाइपलाइनसाठी समझोत्यावर सह्या केल्या. मी मेव्हण्याला मुद्दाम फोन केला, म्हटलं झालं का समाधान. तो म्हणाला बघू, कागदच आहे अजून. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश कोलंबियाचे लोक बातम्यांमध्ये सांगत होते की पाइपलाइन आमच्या किनाऱ्यावर येणार आणि बोलणी करताना आम्हाला कोणी विचारलंच नाही.